अर्धे वचन



हा लेख म्हणजे एका चुकीची दुरुस्ती आहे. चूक कीर्तनात झाली, चारचौघांत झाली, तेव्हा दुरुस्तीही वारकरी मंडळींच्या समोरच झाली पाहिजे, म्हणून हा मजकूर मासिकाकडे पाठवीत आहे.

चार वर्षांमागे आमच्या शहादा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. पाचव्या दिवशीची कीर्तनसेवा माझ्याकडे होती. विषय शांतीचा. संतांची शांती सांगता सांगता रंग भरला, टाळकरी तल्लीन झाले, पखवाजही उत्तम लागला होता, आणि मला तुलना करण्याचा मोह झाला. मी म्हणालो की, ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात एका गालावर मारले तर दुसरा गाल पुढे करा असे सांगितले आहे, आणि मुसलमानांच्या ग्रंथात दिसतील तेथे मारा असे सांगितले आहे. एक ग्रंथ गाईचा, दुसरा वाघाचा. टाळ्या पडल्या, विठ्ठलनामाचा गजर झाला. टाळी पडली की वक्त्याला आपले बोलणे खरे वाटू लागते, हा या सेवेतला मोठा धोका आहे.

रात्री पंगत उठल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन बसले. नंदुरबारच्या बाजूला उर्दू शाळेत नोकरी करून निवृत्त झालेले हे मास्तर. सप्ताहाचा मंडप त्यांच्या पुतण्याचा, आणि त्याच्याबरोबर ते आले होते. मागे बसून त्यांनी सगळे कीर्तन ऐकले होते. म्हणाले, "महाराज, तुम्ही सांगितलं ते आमच्या किताबात नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य तुम्ही कुठं ठेवलंत?"

मी गप्प राहिलो, कारण ती वाक्ये मला ठाऊकच नव्हती. थोडे थांबून त्यांनी विचारले, "एका किताबात असं लिहिलंय की लढताना मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वीचं राज्य भोगशील, म्हणून ऊठ आणि लढ. ही किताब कोणती?" बाजूला उभा असलेला एक तरुण टाळकरी चटकन म्हणाला, "तुमचीच असणार, मास्तर!" मास्तर हसले नाहीत. मला मात्र घाम फुटला. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सदतिसावा श्लोक होता.

आता कोणी आपल्याला म्हणाले की, तुमची गीता म्हणजे स्वर्गाची लालूच दाखवून भाऊबंद मारायला लावणारी पोथी, तर आपण काय उत्तर देऊ? आपण म्हणू, बाबा रे, पुढचाच श्लोक वाच. सुखदुःख, लाभहानि, जयपराजय समान मान असे तेथे सांगितले आहे, म्हणजे स्वर्गाची लालूच लगेच काढून घेतली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसा आणि क्षमा घातली आहे. आणि त्या एका अहिंसा शब्दावर ज्ञानोबारायांनी किती ओव्या खर्च केल्या हे पारायण करणाऱ्याला सांगायला नको. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, रणांगणावरचा हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला आणि शेवटी देवाजवळ मागितले काय, तर दुष्ट मरोत असे नव्हे, दुष्टांचा दुष्टपणा जावो असे मागितले. हे सारे आपण सांगू, आणि ते योग्यच सांगू. मग हीच सवलत दुसऱ्याच्या ग्रंथाला देताना आपला हात का आखडतो?

याचे उत्तर आमच्या खानदेशातच एकदा दिले गेले आहे. १९३२ साली नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. जिल्ह्याचे ठाणे धुळे, आणि धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाचा दाखला आहे. त्याने पुष्कळ खुन्यांना फाशी दिले होते. पुढे त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली त्याच्यासमोर आला, तेव्हा त्याला अचानक सुचू लागले की फाशी ही अमानुष शिक्षा आहे. विनोबांचे म्हणणे असे की अर्जुनाची अहिंसाही याच जातीची होती. ती दयेतून आली नव्हती, समोर आपले लोक दिसले म्हणून आली होती.

हा दाखला मी स्वतः किती वेळा सांगितला असेन! पण तो मलाच लागू आहे हे त्या रात्री कळले. आपल्या ग्रंथापुरता मी बाप झालो होतो आणि दुसऱ्याच्या ग्रंथापुरता फाशी देणारा न्यायाधीश.

असो. मास्तरांना मी म्हटले, मला शिकवा. त्यांनी अट घातली की बायबलाचे जाणकारही कोणी हवेत, नाहीतर मी आमचीच बाजू मांडीन. म्हणून नवापूरकडच्या एका ख्रिस्ती शिक्षकांना बोलावले. नवापूर भागात आदिवासी समाजात ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत, हे तिकडच्या वाचकांना माहीत आहे. दोन वर्षे दर एकादशीला दुपारी आम्ही तिघे बसत होतो. मराठी पवित्र शास्त्र, मराठी कुराण आणि ज्ञानेश्वरी, तिन्ही पुढ्यात असत. माझा उपवास असे, आणि रमजान एकादशीला आडवा आला म्हणजे मास्तरांचाही. नवापूरचे सर एकटेच चहा घेत आणि दर वेळी क्षमा मागत.

पहिली गोष्ट मी ही शिकलो की दोन्ही ग्रंथ घडले कसे हे ठाऊक नसेल तर त्यातले एकही वचन हाती घेऊ नये. बायबलाचे दोन भाग आहेत. जुना करार हा यहुदी लोकांचा ग्रंथ, शेकडो वर्षांत तयार झालेला. त्यात राजे आहेत, लढाया आहेत, कायदे आहेत आणि स्तोत्रेही आहेत. नवा करार येशू ख्रिस्त व त्याचे शिष्य यांचा. मी कीर्तनात जो गालाचा दाखला दिला तो नव्या करारात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. कुराणाचे तसे नाही. ते पैगंबर मुहंमदांच्या मुखातून सुमारे तेवीस वर्षांत प्रसंगाप्रसंगाने आले असे मुसलमान मानतात. पहिली बारा-तेरा वर्षे मक्केतली. तेथे अनुयायांचा छळ झाला, आणि हात उचलण्याची परवानगी नव्हती. इ. स. ६२२ मध्ये ते मदिनेस गेले. तेथे पैगंबर नगराचे प्रमुख झाले आणि लढायाही झाल्या. घोटाळा असा की, कुराणातील ११४ सूरा या काळाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. त्यामुळे कोणते वचन कोणत्या प्रसंगाचे हे पानावरून कळत नाही, जाणकाराला विचारावे लागते. आपल्या गाथ्यातही कोणता अभंग कोणत्या प्रसंगाचा हे परंपरेलाच विचारावे लागते ना? दुष्टाच्या डोक्यात काठी घालण्याची भाषा तुकोबांनीही एके ठिकाणी केली आहे. तेवढाच अभंग परक्याच्या हाती दिला तर तो तुकोबांना काय समजेल?

आता तुलनेकडे वळू. माझ्या मते या दोन ग्रंथांचा स्वभाव ओळखायला एक जागा सर्वांत चांगली आहे, आणि ती म्हणजे डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात हा कायदा. पुष्कळांना वाटते हे सूडाचे वचन आहे. मलाही वाटत होते. नवापूरच्या सरांनी मला आधी उत्पत्तीच्या पुस्तकातला चौथा अध्याय वाचायला लावला. तेथे काईनाच्या वंशातला लामेख नावाचा पुरुष आपल्या बायकांपुढे बढाई मारतो, की मला जखम करणाऱ्या माणसाला मी मारले, माझा सूड सत्याहत्तर पटीने घेतला जाईल. एका जखमेला सत्याहत्तर! आमच्याकडे बांधावरून भांडण होऊन दोन कुटुंबे तीन पिढ्या कोर्टात जातात, तेव्हा लामेख काही फार लांबचा माणूस नव्हे. या पार्श्वभूमीवर मोशेच्या कायद्यात डोळ्याबद्दल डोळा आला. म्हणजे एकाबद्दल एकच, त्यापुढे नाही. तो सूडाला घातलेला बांध होता.

हाच कायदा घेऊन येशूने डोंगरावरच्या प्रवचनात म्हटले की, तुम्ही असे ऐकले आहे, पण मी सांगतो, दुष्टाला उलट मारूच नका, वैऱ्यावर प्रीती करा. आणि पुढे अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? येशू सांगतो, सातदा नव्हे, सत्तर वेळा सात. लामेखाचा सूडाचा आकडा त्याने उलटा करून क्षमेचा केला. हे कळले त्या दुपारी मी पोथी मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

आता कुराण. पाचवी सूरा, पंचेचाळिसावी आयत. मोशेचा हाच कायदा तेथे आठवून दिला आहे, डोळ्याबद्दल डोळा, नाकाबद्दल नाक, कानाबद्दल कान, आणि लगेच सांगितले आहे की जो हा हक्क दान म्हणून सोडून देईल, त्याच्या पापांचे ते प्रायश्चित्त होईल. बेचाळिसाव्या सूरेतही तसेच: वाइटाचा मोबदला तेवढेच वाईट, पण जो क्षमा करतो आणि समेट करतो त्याचे फळ अल्लाकडे आहे. म्हणजे कुराण बदल्याचा हक्क काढून घेत नाही. हक्क ठेवते, त्याला मर्यादा घालते, आणि तो सोडणाऱ्याला वरच्या पायरीवर बसवते. ख्रिस्ताने खालची पायरीच काढून टाकली. हा फरक खरा आहे आणि तो पुसू नये. सगळे धर्म एकच सांगतात असे म्हणून हात झटकणारे मला आता आवडत नाहीत. त्यांनी ग्रंथ उघडलेले नसतात.

फरक का पडला? ख्रिस्ताच्या हाती राज्य कधी आलेच नाही. रोमन सत्तेखाली सुमारे तीन वर्षे उपदेश केला आणि वधस्तंभावर गेला. चोर आला, शत्रू चालून आला, तर नगराच्या प्रमुखाने काय करावे, हा प्रश्न शुभवर्तमानात सुटलेला नाही. पैगंबरांना तो मदिनेत रोज पडत होता. म्हणून कुराणात युद्धाचे नियम आले, आणि नियम आले म्हणून लढण्याची आज्ञाही आली.

ती आज्ञा कशी आली ते क्रमाने पाहा. बाविसाव्या सूरेत ज्यांच्याशी लढाई मांडली गेली आणि ज्यांना घरातून हाकलले गेले त्यांना परवानगी दिली, आणि कारण सांगितले की अशा लोकांना अडवले नाही तर मठ, चर्च, यहुद्यांची मंदिरे आणि मशिदी, जेथे देवाचे नाव घेतात ती सारी ठिकाणे उद्ध्वस्त होतील. दुसऱ्या सूरेत (आयत १९०) जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका असे आहे. त्याच्या पुढच्याच आयतीत सापडतील तेथे मारा असे आहे, आणि त्याच्या पुढे, ते थांबले तर तुम्हीही थांबा. आठव्या सूरेत शत्रू शांतीकडे झुकला तर तूही झुक. आणि मी कीर्तनात जे वचन झोडपले ते नवव्या सूरेतले पाचवे. ते तह मोडणाऱ्या अरब मूर्तिपूजकांविषयी आहे असे भाष्यकार सांगतात. कारण चौथ्या आयतीत ज्यांनी तह पाळला त्यांच्याशी तह शेवटपर्यंत पाळा असे आहे, आणि सहावीत त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर त्याला आश्रय द्या, देवाचे वचन ऐकू द्या आणि त्याच्या सुरक्षित जागी पोचवा असे आहे. मी चौथी सोडली, सहावी सोडली आणि पाचवीचेही अर्धेच घेतले.

मास्तरांनी काही लपवले नाही. जुन्या भाष्यकारांपैकी काहींचे मत असे की नंतर आलेल्या वचनाने आधीचे वचन रद्द होते. याला नस्ख म्हणतात. त्या मताने नवव्या सूरेतल्या त्या पाचव्या वचनाने शांतीची बरीच वचने रद्द झाली. दुसऱ्या भाष्यकारांनी हे मानले नाही. त्याच सूरेत एकोणतिसावी आयत ग्रंथधारी लोकांशीही, ते जिझिया देईपर्यंत, लढण्याविषयी आहे, आणि तिच्यावर आजही वाद चालतो. हा वाद मुसलमान विद्वानांनी सोडवावयाचा. आपण त्यात पंच होण्याचे कारण नाही. एवढे मात्र माझ्या लक्षात आले की बाँब टाकणारा अतिरेकी आणि त्या अतिरेक्यावरून सगळ्या मुसलमानांचा द्वेष करणारा, दोघेही तेच अर्धे वचन वाचतात.

बायबलाबाबत माझी चूक उलट्या बाजूची होती. मी त्याला गाईचा ग्रंथ म्हटले ते ऐकून नवापूरचे सर म्हणाले, "महाराज, तुम्ही आमचं गोड तेवढं घेतलंत." त्यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला पंधरावा अध्याय काढून दिला. शौल राजाला आज्ञा होते की अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, पुरुष, स्त्रिया, तान्ही मुले, गुरेसुद्धा ठेवू नकोस. मी विचारले, याचा अर्थ तुम्ही काय लावता? म्हणाले, "कोणी म्हणतात हा त्या काळापुरताच न्याय, कोणी म्हणतात हे युद्ध अंतःकरणातल्या पापाशी. मी खरं सांगतो, मला हा अध्याय वाचवत नाही. पण फाडून टाकण्याचा अधिकार मला नाही." इतके सरळ उत्तर मी आजवर थोड्यांकडून ऐकले आहे.

नव्या करारातही एक वचन आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मी शांती नव्हे तर तलवार आणायला आलो. एवढेच वाचले तर काय होईल? पुढची ओळ मुलगा आणि बाप, सून आणि सासू यांच्यातल्या फुटीची आहे, आणि हेच बोलणे लूकाने दिले आहे तेथे तलवारीच्या जागी फूट असाच शब्द आहे. देवाच्या मार्गाला लागलेल्याला घरचेच आडवे येतात, हे माळकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पुढे त्याला धरायला लोक आले, शिष्याने खरीच तलवार उपसून एकाचा कान तोडला, तेव्हा येशूने तलवार म्यान करायला लावली, आणि लूक सांगतो की तो कान त्याने बरा केला.

ग्रंथ आणि ग्रंथ हाती घेणारा हे वेगळे हिशेब आहेत. दुसरा गाल पुढे करा सांगणाऱ्याच्या नावाने १०९९ साली जेरुसलेमेत कत्तल झाली, आणि गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, इन्क्विझिशन चालले. त्याच गोमंतकात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले. इकडे १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीत पंढरीला उपसर्ग झाल्याचे बखरी सांगतात. आणि तोच अफझलखान ज्यांच्यावर चालून आला त्या शिवाजी महाराजांविषयी, त्यांना एरवी शिव्या देणारा मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की कुराणाची प्रत हाती आली तर ते ती आदराने आपल्या मुसलमान सेवकाला देत. शत्रूने लिहिले आहे म्हणून त्याची किंमत जास्त.

आमच्या संप्रदायाला हे नवे नाही. नाथबाबांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. दोघेही एकमेकांच्या ग्रंथांतली उणी काढतात, भांडण चांगलेच पेटते, आणि शेवटी एकमेकांना भेटतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालेत आहेत. विनोबांना १९५३ साली देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह गेल्याबद्दल मार बसला होता. १९५८ साली त्यांनी पंढरपुरी पांडुरंगाचे दर्शन घेतले तेव्हा त्यांच्याबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती मंडळीही होती. पुढे १९६२ मध्ये त्यांचे कुराण-सार निघाले, आणि ख्रिस्तधर्म-सारही त्यांनी केले. ती पुस्तके वारकऱ्याने जरूर वाचावीत. मात्र सार हा प्रसाद आहे, स्वयंपाकघरात काय काय झाले ते त्यात दिसत नाही. त्यासाठी मूळ ग्रंथ आणि सोबत त्या धर्माचा माणूस, दोन्ही पाहिजेत.

यंदा त्याच गावच्या सप्ताहात पुन्हा सेवा मिळाली. मी आधीच सांगून टाकले की चार वर्षांमागे या जागेवर मी चुकीचे बोललो. कीर्तन काही रंगले नाही. दोन वयस्क मंडळी मध्येच उठून गेली. एकाने जाताना, महाराजांना आता दुसऱ्यांचीच पोथी गोड लागते, असे ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हटले. मी हाबेलाची कथा लावली. काईन मारायला उठला तेव्हा, तू हात उगारलास तरी मी तुझ्यावर उगारणार नाही, हे हाबेलाचे बोलणे बायबलात नाही, ते कुराणात आहे, पाचव्या सूरेत. आणि त्याच कथेला जोडून बत्तिसावी आयत येते: खुनाबद्दल किंवा देशात अनर्थ माजवल्याबद्दल नव्हे, असे असताना ज्याने एका जिवाला मारले त्याने जणू सगळ्या माणसांना मारले, आणि ज्याने एकाला वाचवले त्याने जणू सर्वांना वाचवले. येथे मी थांबलो आणि नामघोष घेतला.

मास्तर त्या दिवशी हजर नव्हते, मुलाकडे सुरतेस गेले होते. कोणीतरी कीर्तन मोबाईलवर धरून त्यांना पाठवले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. कीर्तन आवडल्याचे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "पण महाराज, बत्तिसाव्याला थांबलात. तेहतिसावं सोडलंत. या वेळी गोड अर्धं घेतलंत."

त्यांचे बरोबर होते. ते मला ठाऊक होते आणि मी ते जाणून सोडले होते. म्हणून येथे लिहितो. जे अल्लाशी आणि त्याच्या पैगंबराशी युद्ध करतात आणि देशात अनर्थ माजवतात, त्यांना ठार मारणे, सुळी देणे, उलट बाजूंचे हातपाय तोडणे किंवा हद्दपार करणे या शिक्षा त्या तेहतिसाव्या आयतीत सांगितल्या आहेत. चौतिसावीत अपवाद आहे: तुमच्या हाती सापडण्याआधी ज्यांनी पश्चात्ताप केला ते सोडून.